एक भाग सोनं, तीन भाग चांदी

शुद्ध सोनं पहिल्यांदा हाती येतं तेव्हा ते सोन्यासारखं दिसत नाही. कॉफीच्या पुडीसारखं दिसतं. तपकिरी, ओलसर, बोटावर घेतलं तर चिकटणारं. मी सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी काचेच्या भांड्याच्या तळाशी बसलेला तो गाळ मला दाखवला आणि म्हणाले, "हे बघ. हे चोख." मला काही खरं वाटेना. मग त्यांनी तो गाळ पाच-सहा पाण्यांनी धुतला, वाळवला, मुशीत घातला, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि मूस भट्टीत ठेवली. सांडशीनं मूस उचलून साच्यावर कलती केली, तेव्हा पडलेली पिवळी धार आजही डोळे मिटले की दिसते.

मला त्याहून नवल वाटलं होतं ते आधीच्या पायरीचं. सोनं चोख करायचं तर आधी त्यात चांदी मिसळावी लागते. एक भाग सोनं, तीन भाग चांदी. दोन्ही एकत्र वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते दाणे तेजाबात सोडायचे. नारिंगी धूर उठायचा, आम्हा पोरांना बाहेर पिटाळलं जायचं. तेजाब चांदी खातं, तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. पण चांदी कमी पडली तर तेजाबाला आत शिरायला वाटच मिळत नाही, सोन्याच्या पोटातलं हीण पोटातच राहतं.

"म्हणजे चांगलं करायला आधी बिघडवायचं?" मी विचारलं.

"बिघडवायचं न्हाई," अण्णा म्हणाले, "सैल करायचं."

दुकान कोइमतूरला, शुक्रवारपेठेत. हो, तमिळनाडूतल्या कोइमतूरलाही शुक्रवारपेठ आहे, आणि लहानपणी मला त्या एका नावाचा फार आधार वाटायचा. आम्ही गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या भागात हा शब्द उच्चारला की पुढं काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते: जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली भुकटी, झाडलोटीचा केरसुद्धा वितळवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून देणं हा आमचा धंदा. यातले बहुतेक जण जातीनं सोनार नाहीत, कोरडवाहू शेतकरी. आमच्याकडं पाऊस नव्हता म्हणून माणसं बाहेर पडली आणि केरळपासून बंगालपर्यंत जिथं सराफी पेठ तिथं जाऊन भट्टी मांडून बसली.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा अण्णा बावीस वर्षांचे होते. खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. विहिरीचा तळ दिसला, बैलं विकली, आणि पुढच्या वर्षी ते एका चुलत चुलत्याबरोबर कोइमतूरला त्याच्या भट्टीवर पोऱ्या म्हणून गेले. दोन वर्षांनी स्वतःची भट्टी. मग आई आली. १९७६ साली मी तिथंच जन्मले.

तमिळमध्ये नवीन माणसाला विचारतात, "सोन्द ऊर एदु?" सोन्द म्हणजे स्वतःचं, ऊर म्हणजे गाव. यात जन्मगाव अभिप्रेत नसतं, राहतं गावही नसतं. तुझी माणसं मूळची कुठली, तुझं कुलदैवत कुठं आहे, मेल्यावर तुझी बातमी कुठं पोचवायची, हे सगळं त्या दोन शब्दांत असतं. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, "विटा, महाराष्ट्रा." विचारणाऱ्याला विटा माहीत नसायचं. तो माझ्याकडं बघून समजुतीनं मान हलवायचा आणि म्हणायचा, "ओ, सेट्टू पोण्णु." शेटजीची पोरगी. राजस्थानी, गुजराती, मराठी, जो कुणी वरच्या बाजूनं येऊन सोन्या-चांदीत पडलाय तो सगळा सेट्टू. अण्णा दर वेळी न कंटाळता सांगायचे, "नान सेट्टू इल्ले, मराट्टी." मी सेट्टू नाही, मराठी. दहा बाय बाराची भाड्याची जागा, भाजलेले हात आणि तेजाबाच्या धुरानं कायमचा लागलेला खोकला, एवढ्यावर शेटजी म्हणवून घेणं त्यांना खोटं वाटायचं.

शाळेत निराळंच. तमिळनाडूत १९६८ पासून सरकारी धोरण तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषांचं. हिंदीविरोधाचं मोठं आंदोलन होऊन गेलेलं, त्याच्या आठवणी माझ्या शिक्षकांच्या पिढीला ताज्या होत्या. वर्गातल्या मुली मला हिंदीकारी म्हणायच्या. मला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. देवनागरी मी शाळेत कधी शिकलेच नाही. ती आईनं शिकवली. गावाहून येणाऱ्या कालनिर्णयवर, माझं बोट हातात धरून, ते एकेका अक्षरावर ठेवत. ‘एकादशी’तला ए, ‘अमावास्या’तला अ. सातवी शिकलेली माझी आई त्या गल्लीतली माझी एकुलती एक मराठी शाळा होती.

आणि तरीही, त्या गल्लीनं आम्हाला जिथं ओळखलं ती जागा भाषेची नव्हती.

आम्ही वडलांना अण्णा म्हणायचो, जसं आमच्याकडं निम्म्या घरांत म्हणतात. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. शेजारच्या घरातल्या अम्मा एकदा मला जवळ घेऊन काळजीनं विचारत्या झाल्या, "अप्पाव एन अण्णान्नु कूप्पिडुरे?" बापाला भाऊ का म्हणतेस गं? मी गोंधळले, रडकुंडीला आले. आई बाहेर आली, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये समजावू लागली, आणि बोलता बोलता त्यांना कळलं की आई ही अण्णांच्या मामाची मुलगी. त्या क्षणी त्या बाईंचा चेहरा बदलला. "मामन मगळा?" मामाची मुलगी? म्हणजे आमच्यासारखंच! त्यांनी हाका मारून चार बायका गोळा केल्या. मामाची मुलगी करायची रीत त्यांच्याकडं, तीच आमच्याकडं. आतेला त्या अत्तै म्हणतात, आम्ही आत्या. सासूलाही त्या अत्तै म्हणतात, आणि आमच्या गावाकडं सासूला म्हणतात आत्ती, आत्याबाई. थोरली बहीण त्यांच्याकडं अक्का, आमच्याकडंही अक्का. समोरच्या मारवाडी घरातल्या भाभींना हे ऐकून धक्काच बसला, त्यांच्यात मामेबहीण म्हणजे बहीणच. त्या दिवशी रांगोळीच्या ओट्यावर एक सीमारेषा आखली गेली आणि तिच्या दक्षिणेला आम्ही होतो.

त्यानंतर गल्लीतल्या पोरांनीही आमचं ऐकून त्यांना अण्णा म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या लेखी ते भाऊ, आमच्या लेखी वडील. हाक एकच.

नववीत असताना शाळेची सहल तंजावरला गेली. बृहदीश्वराच्या मंदिराचा तो अवाढव्य पाषाण मला भिववत होता. मार्गदर्शक चोळ राजांबद्दल सांगत होता. प्राकारात फिरताना एका भिंतीवर ओळीमागून ओळी कोरलेल्या दिसल्या. जवळ गेले तर ‘अ’, ‘स’, ‘म’. कालनिर्णयवरची अक्षरं. तंजावरवर भोसल्यांचं राज्य होतं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी ते स्थापलं, १८५५ साली इंग्रजांनी खालसा करेपर्यंत ते टिकलं, आणि १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या वंशाचा इतिहास या भिंतींवर मराठीत कोरून घेतला, हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती मोठ्यानं अक्षरं लावत सुटले. अर्थ लागत नव्हता, भाषा जुनी होती. बाई थांबल्या, वर्ग थांबला. ज्या मुली मला हिंदीकारी म्हणायच्या त्या माझ्यामागं उभ्या राहून भिंतीकडं बघत होत्या. आमच्या वर्गात राव आडनावाची एक मुलगी होती, अबोल, कुणाशी न मिसळणारी. ती हळूच माझ्याजवळ आली आणि मराठीत काहीतरी बोलली. मला त्यातलं अर्धंच कळलं. तिच्या घरी कित्येक पिढ्या तंजावरची मराठी बोलत होते. तीन वर्षं आम्ही एका वर्गात होतो आणि एकमेकींना फक्त तमिळ येतं असं दोघींनाही वाटत होतं.

आता डिसेंबर १९९१. हे लिहायला मला जड जातं, पण हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आम्ही सुटीला गावी यायचो तेव्हा कोइमतूरहून रात्रीची गाडी पकडून बंगळूर, तिथं दिवसभर फलाटावर बसून मीटरगेजची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी मिरज. त्या महिन्यात कावेरीच्या पाण्यावरून बंगळुरात दंगल झाली होती. तमिळ माणसांची घरं, दुकानं जाळली होती. तिकिटं आधीच काढलेली. गावी आजीचं आजारपण होतं, जाणं भाग होतं. गाडीत अण्णांनी आमच्या पिशव्या उपसून तमिळ मासिकं, तमिळ अक्षरांच्या कापडी पिशव्या, अगदी मिठाईच्या डब्यावरचा कागदसुद्धा काढून खिडकीबाहेर टाकला. मग आम्हाला समोर बसवून म्हणाले, "बंगळूर आलं की तमिळ बोलायचं न्हाई. एक अक्षर न्हाई. मराठी बोला."

मी पंधरा वर्षांची होते, मला कळत होतं. धाकटा भाऊ सहाचा. त्याला मराठी समजायची पण त्याचं तोंड तमिळचं होतं. फलाटावर दुपारी तो झोपेतून उठला आणि भोकाड पसरलं, "अम्मा, तण्णी! तण्णी!" पाणी. आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात, की त्याच्या गालावर तिच्या बांगडीचा वळ उमटला. शेजारच्या बाकावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. अण्णा लगेच मोठ्या आवाजात, गावच्या जत्रेत बोलावं तसं, बोलायला लागले, "अगं पानी दे की त्याला, किती रडतंय ल्येकरू!" आयुष्यात पहिल्यांदा मी आमची मराठी अशी वापरलेली ऐकली, ढालीसारखी. त्या माणसांनी मान फिरवली. आईनं तांब्या भावाच्या तोंडाला लावला. तिचा हात थरथरत होता, पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं.

आम्ही सुटलो. त्या शहरात ज्यांची दुकानं जळली त्यांनाही कुणीतरी ‘सोन्द ऊर’ विचारलं असेल, आणि त्यांच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं मला त्या सुटकेची लाज वाटत राहिली. आजही वाटते. माझ्याकडं दोन भाषा होत्या म्हणून मी त्या दिवशी सुरक्षित होते, आणि त्यातली एक मी पिशवीतून काढून खिडकीबाहेर टाकू दिली होती.

मिरजेला पहाटे उतरलो. तेव्हा दक्षिणेकडून येणारे अरुंद रूळ मिरजेत संपायचे, पुण्याकडं जाणारे रुंद रूळ तिथून सुरू व्हायचे. हमालांचं मराठी कानावर पडलं की आई दर वर्षी डोळे पुसायची. त्या वर्षी पुसले नाहीत. ती भावाच्या गालाला तेल लावत बसली होती.

माझं लग्न १९९७ मध्ये झालं, विट्याजवळच्याच गावात. मुलगी बघायला आलेल्या बायकांतली एक जण निघताना बोलली, "मद्रासची हाय म्हंजी काळी आसंल आसं वाटलं हुतं. पर उजळ हाय की!" सगळ्यांना हायसं वाटलं. माझ्या डोक्यात मात्र शेजारच्या अम्मांचं कौतुक घुमत होतं, "सेट्टू पोण्णु, नल्ल सिवप्पु." तमिळमध्ये गोऱ्याला लालच म्हणतात. दोन्हीकडं माझ्या कातडीनं मला आत घेतलं. माझी चुलत बहीण, सेलमच्या गलाईवाल्याची मुलगी, माझ्याहून हुशार, गणितात पहिली येणारी, रंगानं सावळी. त्याच उन्हाळ्यात तिला तीन घरांनी नाकारलं आणि तिघांनीही कारण सांगताना ‘मद्रासी’ हा शब्द वापरला. आपलीच भावकी, आपलंच रक्त, आपलंच देवक, आणि नाकारायची वेळ आली तेव्हा ती परकी ठरली. या गोष्टीबद्दल माझ्या मनात आजही राग आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही.

सासरी मला गावाचं नाव नव्हतं. ‘मद्रासीण’ म्हणायचे. वाईट हेतू नसायचा. पण मी सांबार केलं की सगळे वास घ्यायला यायचे आणि पिठलं केलं की विचारायचे, "तुला येतंय व्हय?" माझी मराठी त्यांना जुनाट वाटायची. आई १९७५ साली गाव सोडून गेली, तिच्याबरोबर गेलेली भाषा तशीच बरणीत मुरत राहिली होती. गावाकडच्या पोरी तोवर टीव्हीसारखं बोलायला लागल्या होत्या, आणि मी आजीसारखं बोलत होते. सोनं किती घातलं, हे सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पटकन पवुनात सांगितलं, कारण तिकडं आठ ग्रॅमचा पवुन चालतो. त्यांना तोळे हवे होते. मी मनात गुणाकार-भागाकार करत बसले. अण्णाही आकडे तमिळमध्येच मोजायचे, शेवटपर्यंत. ओण्णु, रेण्डु, मूणु. ज्या भाषेत पहिल्यांदा कमाई केली ती भाषा हिशोबाची झाली, देवाची मात्र मराठीच राहिली.

शाळेत शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा एका सरकारी खिडकीवर मला ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ काढायला जावं लागलं. नाव पुन्हा वाचा. आपलं राष्ट्रीयत्व तालुक्याच्या ठिकाणी एका कागदावर मिळतं. खिडकीपलीकडच्या माणसानं माझे कागद चाळले आणि म्हणाला, "जन्म परराज्यातला, शिक्षण परराज्यातलं. तुम्ही महाराष्ट्राच्या कशा?" मी अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, जिल्हा दक्षिण सातारा. तो माणूस म्हणाला, "हा कुठला जिल्हा?"

आजोबांच्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर जिल्हा सातारा आहे. १९४९ मध्ये आमचा भाग तोडून दक्षिण सातारा केला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव दिलं. आजोबा साताऱ्याचे, अण्णा दक्षिण साताऱ्याचे, मी सांगलीची. घर तेच, दारातला लिंबही तोच. आजीचं माहेर आटपाडीकडचं, आणि आटपाडी औंध संस्थानात होती. ती मरेपर्यंत आमच्या गावाला ‘तुमचा खालसा मुलूख’ म्हणायची. "आमी म्हाराजांच्या राज्यातल्या, तुमी इंग्रजाचे," असं ती आजोबांना अभिमानानं सुनवायची. बारा कोसांवरून नवरी होऊन आलेली बाई, आणि तिच्या हिशोबात ती परदेशी आली होती. तिला ते म्हणताना आठवते तेव्हा मला देश, प्रांत, जिल्हा या शब्दांचं वय कळतं. आपण समजतो त्याहून ते फार लहान आहेत.

प्रमाणपत्र अखेर नवऱ्याच्या कागदांवर मिळालं. माझ्या बापाच्या कागदांवर नाही. घरी येऊन मी ते कपाटात ठेवलं, आणि त्या रात्री अण्णांना फोन केला तेव्हा त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

सांगलीत शिकवायला लागल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एक बाई आल्या. घरात कन्नड, पहिली ते सातवी जिल्हा परिषदेच्याच कन्नड शाळेत, आणि आषाढीला चालत पंढरपूर. मराठी बोलताना त्यांचे शब्द शेवटी गोल व्हायचे. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना विचारलं, "तुम्ही तिकडच्या का?" ‘तिकडच्या’ ऐकून मी वहीतून डोकं वर काढलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधली चाळीसेक गावं कर्नाटकात घ्यायचा विषय काढला, दहा वर्षांपूर्वी पाणीटंचाईत झालेल्या ठरावांचा दाखला दिला, आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये सगळे त्यांच्याकडं बघून बोलू लागले. कुणी म्हणे, हे लोक जाणारच होते. त्या शांत राहिल्या. मधल्या सुटीत मला म्हणाल्या, "ताई, आमच्या आईला कुणी विचारलं न्हाई तिला कुठं ऱ्हायचंय ते. ती रोज टँकरच्या मागं पळती. टँकर कुठल्या राज्याचा हे ती बघती का?"

मला बंगळूरचा फलाट आठवला. तण्णी. मी त्यांना ती गोष्ट सांगितली, आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "नीरु." कन्नडमध्ये पाणी. मी म्हणाले, तमिळमध्ये नीर पण म्हणतात. मग आम्ही दोघी मधली सुटी संपेपर्यंत शब्द जुळवत बसलो. खूप जुळले.

आमच्या खानापूर तालुक्यात आता टेंभूचं पाणी आलंय. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणलंय. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी बघून अण्णा तिच्या कठड्यावर कितीतरी वेळ बसून राहिले होते. "हे बाहात्तरला आसतं," एवढंच म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. बाहात्तरला असतं तर ते गेले नसते. मग मी कोण असते, हे मला त्या कठड्यावर सुचलं, आणि खरं सांगते, मला ती दुसरी मी नको वाटली.

माझा मुलगा २०२२ मध्ये शिकायला इंग्लंडात गेला, लीड्सला. डॉक्टरांकडं नाव नोंदवायच्या फॉर्मवर वंशगटाचा रकाना होता. त्यानं मला फोन केला, "आई, इथं एशियन आहे, त्याखाली इंडियन, पाकिस्तानी, बांगलादेशी. मराठी कुठं लिहू?" मी म्हणाले, इंडियनवर खूण कर. खूण केली त्यानं. पण त्याला चुकल्यासारखं झालं होतं, आणि मला ते समजत होतं. त्याच्या खोलीशेजारी लाहोरचा एक मुलगा राहायचा. रस्त्यावरून जाणारा कुणी दारुडा त्या दोघांना एकच शिवी द्यायचा. हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं. तिथं त्याचं विटा, माझं कोइमतूर, त्या पोराचं लाहोर, सगळं एका रंगात जिरून जात होतं. मी रात्रभर जागी होते. आमच्याकडच्या त्या बायका आठवल्या, "उजळ हाय की!" म्हणून हायसं वाटलेल्या.

महिनाभरानं त्याचाच फोन, आवाज खुललेला. कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं, दुकानदार जाफन्याचा तमिळ. पोराला तमिळचे पंधरा-वीस शब्द येतात, सगळे आजोबांकडून आलेले. त्यानं सुटे पैसे घेताना सवयीनं म्हटलं, "नन्री अण्णा." तो माणूस हातातलं सोडून त्याच्याकडं बघत राहिला. आणि मग विचारलं, "सोन्द ऊर एदु?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"विटा," तो म्हणाला. "पण आजोबा कोइमतूरचे, हे पण सांगितलं. त्यांना कोइमतूर माहीत होतं. कढीपत्त्याचे पैसे घेतले नाहीत त्यांनी."

अण्णा गेले २०२४ च्या पावसाळ्यात, कोइमतूरलाच. मी पोचेपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, शेवटच्या दोन दिवसांत नर्सशी तमिळ बोलत होते आणि मधूनच आजीला हाका मारत होते, "आये, दार उघड." पेरूरला नोय्यलच्या काठी विधी झाले. थोड्या अस्थी भावानं तिथंच सोडल्या, थोड्या मी घेऊन आले आणि हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर सोडल्या. दोन्हीकडच्या भटजींनी गोत्र विचारलं. कुठून आलात, हे एकानंही विचारलं नाही.

तेराव्याला भाऊ कुटुंबासह गावी आला. त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. ती तमिळ शाळेत जाते, मराठी समजते, बोलते थोडं, वाचता येत नाही. संध्याकाळी ती माझ्या फोनमधले फोटो बघत बसली होती. एका फोटोत शुक्रवारपेठेतल्या भिंतीवरचं पोस्टर होतं. तमिळनाडूत माणूस गेला की काळ्या चौकटीची पोस्टरं लावतात, ‘कण्णीर अंजली’, अश्रूंची ओंजळ. गल्लीतल्या सोनारांनी वर्गणी काढून छापलं होतं. त्यावर सेट्टू कुठंच नव्हतं. पन्नास वर्षांत तो शब्द कधी गळून पडला कळलंच नाही. दुसरा फोटो आमच्या गावच्या एसटी थांब्यावरच्या फ्लेक्सचा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली भावकीची आणि तरुण मंडळाची नावं.

"अत्तै, यात काय लिहिलंय?" तिनं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"तू आधी तो पहिला वाच."

तिनं तमिळ पोस्टर वाचलं, एकेक शब्द सावकाश. "विट्टा अण्णा."

मी तिला फ्लेक्स वाचून दाखवला. "कोइमतूरवाले अण्णा."

ती थोडा वेळ दोन्ही फोटो मागंपुढं करत राहिली. "उलटं झालंय, अत्तै," ती म्हणाली. "इथं तिथलं नाव आहे, तिथं इथलं."

मी काही बोलले नाही. मला बोलताही आलं नसतं.

मग ती जवळ सरकली आणि म्हणाली, "यातला ‘अ’ कुठला?"

मी फोटो मोठा केला, तिचं बोट हातात धरलं आणि ते अण्णातल्या ‘अ’वर ठेवलं.